एक गंज, मंद आच आणि सगळ्यांचे एकत्र जेवण



कापूस वेचणीचे दिवस आले की सेलू तालुक्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये संध्याकाळ एकसारखीच दिसते. बाई दिवसभर वावरात वाकून सहा-साडेसहाला घरी येते. हातपाय धुतले की लगेच चुलीपुढे किंवा गॅसपुढे उभी राहते. त्या दिवशी घरी कोंबडी आणली असेल तर काम आणखी वाढते. कांदा-खोबरे भाजा, मसाला वाटा, मोठ्या आचेवर परता, रस्सा सांभाळा, मधेच भाकरी थापा. जेवायला नऊ-साडेनऊ होतात. पोरे पेंगुळतात. पुरुष आणि पोरे आधी जेवतात, आणि शेवटी बाईच्या ताटात तर्री आणि मानेचे एखादे हाड येते. घरात कोंबडी शिजली, पण जिला तिची सर्वांत जास्त गरज होती तिच्या पोटात ती गेलीच नाही.

म्हणून या वेळी आरोग्य पानावर आम्ही एक स्वयंपाकाची रीत देत आहोत. एकाच गंजात कोंबडी, डाळ, आलू आणि पालेभाजी मंद आचेवर शिजवायची, आणि घरातल्या सगळ्यांनी एका वेळी बसून खायची. रीत साधी आहे. ती नीट केली तर इंधन वाचते, धूर कमी होतो, बाईला तासभर उसंत मिळते आणि अर्धा-एक किलो कोंबडीत सहा माणसांचे पोषक जेवण होते. ती निष्काळजीपणे केली तर मात्र पोट बिघडते. दोन्ही गोष्टी समजून घेऊ.

कॅसरोल म्हणजे डबा की भाजी?

आपल्याकडे कॅसरोल म्हटले की पोळ्या गरम ठेवायचा डबा डोळ्यांपुढे येतो. युरोप-अमेरिकेत हा शब्द जाड बुडाच्या, घट्ट झाकणाच्या भांड्यासाठी आणि त्यात सावकाश शिजवलेल्या पदार्थासाठीही वापरतात. मांस, भाज्या, डाळ किंवा तांदूळ सगळे एकत्र घालायचे, झाकण लावायचे आणि मंद उष्णतेवर तासन्‌तास सोडून द्यायचे. कामावर जाणाऱ्या माणसांची ती सोय होती. अमेरिकेत 1971 साली यासाठी 'क्रॉक-पॉट' नावाचे विजेचे भांडे बाजारात आले. सकाळी सगळे घालून जायचे, संध्याकाळी आल्यावर जेवण तयार.

आपल्या देशात त्याच्याही आधी असा विचार झाला होता. कोलकात्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी 1910 च्या सुमारास 'इकमिक कुकर' तयार केला. त्यात खाली कोळशाची शेगडी आणि वर एकावर एक डबे असत. भात, डाळ, मांस एकाच वेळी वाफेवर सावकाश शिजे. पुण्याच्या आरती या संस्थेने शेतातल्या काडीकचऱ्यापासून केलेल्या कोळशावर चालणारा 'सराई' कुकर लोकांपुढे आणला. आपल्याच जिल्ह्यात, वर्ध्याच्या मगनवाडीत, 1947 च्या सुमारास धूर कमी करणारी 'मगन चूल' तयार झाली होती. इंधन आणि बाईचे कष्ट कसे वाचतील, हा प्रश्न खूप जुना आहे.

आणि आपल्या आजीला विचारले तर ती सांगेल की यात नवीन काही नाही. पऱ्हाट्या-तुराट्यांवर गंज उकळून झाला की जाळ मागे ओढायचा, निखाऱ्यावर राख पसरायची आणि गंज तसाच राहू द्यायचा. तेल-मसाला कमी असे, म्हणून चव वेळेतून काढायची. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या 2015 सालच्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघरांची नोंद केली आहे. विदर्भातल्या आपल्या आजी-पणजींचे शहाणपण मात्र अजून बरेचसे तोंडीच आहे. ते विचारून घ्या, लिहून ठेवा.

मोठ्या जाळाने लवकर शिजते का?

बहुतेकांना वाटते की जाळ मोठा केला की भाजी लवकर शिजेल. रस्सा उकळेपर्यंत हे खरे आहे. एकदा उकळी फुटली की उघड्या किंवा साध्या झाकणाच्या भांड्यात रश्शाचे तापमान सुमारे 100 अंश सेल्सिअसवर थांबते. त्यानंतर जाळ कितीही वाढवा, तापमान वाढत नाही. फक्त पाणी वाफ होऊन उडते, तळ करपतो आणि सरपण किंवा गॅस जळतो. म्हणून उकळी आली की आच अगदी लहान करावी आणि झाकण घट्ट बसवावे.

मंद आचेचा दुसरा फायदा मांसाला होतो. कोंबडीच्या तंगडीत, मानेत, पाठीत मांसाला धरून ठेवणारे चिवट पांढरे तंतू असतात. 70 अंशांच्या वर बराच वेळ राहिले की ते हळूहळू विरघळतात आणि त्यांचा चिकट, मऊ रस होतो. रश्शाला जो दाटपणा आणि ओठांना चिकटणारी चव येते ती यामुळेच. फार जोरात खळखळा उकळले तर मांस आकसते आणि कोरडे, दोऱ्यासारखे होते.

गावरान आणि बॉयलर यांतला फरकही इथेच आहे. बॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांची असते. तिचे तंतू कोवळे असतात, त्यामुळे ती पाऊण तासात शिजते आणि जास्त वेळ ठेवली तर हाड सोडून विरघळते. वर्ष-दीड वर्षाची गावरान कोंबडी चिवट असते. तिला दोन-अडीच तास मंद आच लागते, पण चव तिचीच. अंडी देणे थांबलेली घरची म्हातारी कोंबडी या रीतीने फार चांगली होते.

सहा माणसांसाठी साहित्य

- कोंबडी हाडांसह 1 किलो, मोठे तुकडे केलेली. पैसे कमी असतील तर अर्धा किलो घ्या आणि डाळ दीड वाटी करा.
- तुरीची डाळ 1 वाटी, साधारण 150 ग्रॅम. तासभर भिजवलेली.
- आलू 3, प्रत्येकी चार फोडी. कोहळ्याच्या म्हणजे लाल भोपळ्याच्या फोडी 1 वाटी किंवा गाजरे 2.
- पालक किंवा मेथीची 1 जुडी, धुऊन चिरलेली.
- कांदे 3, टमाटर 2, लसणाच्या 12 पाकळ्या, इंचभर आले.
- किसलेले सुके खोबरे 2 चमचे आणि तीळ 2 चमचे, दोन्ही कोरडे भाजलेले.
- धणे-जिऱ्याची पूड 2 चमचे, तिखट 2 लहान चमचे, हळद 1 लहान चमचा.
- ज्वारीचे भाजलेले पीठ 2 चमचे.
- तेल 3 मोठे चमचे. मीठ 2 लहान सपाट चमचे.
- सांबार म्हणजे कोथिंबीर मूठभर, लिंबे 2.

तेल आणि मिठाचे माप आम्ही मुद्दाम दिले आहे. आपल्या भागात तर्रीदार रस्सा आवडतो हे खरे. पण आपल्या वस्त्यांत रक्तदाब आणि मधुमेहाची माणसे घरोघरी आहेत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे सांगते. तेवढे मीठ म्हणजे एक लहान सपाट चमचा, आणि त्यात भाकरीबरोबरचे लोणचे, चटणी, पापड सगळे आले. मंद आचेवर चव मुरते, त्यामुळे कमी तेलातही भाजी फिकी लागत नाही.

कृती

1. कोंबडीला हळद, अर्धे मीठ आणि वाटलेला आले-लसूण चोळून अर्धा तास ठेवा. उन्हाळ्यात यापेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका.
2. भिजलेली डाळ, आलू आणि पाच ग्लास पाणी दुसऱ्या भांड्यात उकळायला ठेवा. दहा-बारा मिनिटे उकळू द्या.
3. मोठ्या गंजात तेल तापवून कांदा लालसर परता. खोबरे-तीळ वाटून घाला. धणे-जिरे, तिखट घालून मिनिटभर परता. मसाला करपवू नका.
4. कोंबडीचे तुकडे घालून सगळ्या बाजूंनी रंग बदलेपर्यंत, सात-आठ मिनिटे परता.
5. उकळती डाळ, आलू आणि कोहळे घाला. उरलेले मीठ घाला. थंड पाणी घालू नका, कारण त्याने शिजणे थांबते.
6. चांगली खळखळून उकळी येऊ द्या. बॉयलर असेल तर 15 ते 20 मिनिटे, गावरान असेल तर 40 मिनिटे झाकण लावून उकळीवर ठेवा. मग पुढे दिलेल्या तीनपैकी एका पद्धतीने मंद शिजवा.
7. टमाटर डाळ शिजल्यावरच घाला. आंबटपणामुळे डाळ लवकर मऊ होत नाही.
8. शेवटच्या दहा मिनिटांत ज्वारीचे पीठ पाण्यात कालवून घाला आणि पालेभाजी घाला. एकदा पुन्हा खळखळून उकळा. उतरवून सांबार घाला. लिंबू ताटात वाढल्यावरच पिळा, कारण त्यातले क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते.

भांडे स्टीलचे किंवा मातीचे घ्या. टमाटर-चिंच घातलेला आंबट रस्सा जर्मनच्या भांड्यात तासन्‌तास ठेवू नये. मातीची हंडी नवी असेल तर रात्रभर पाण्यात भिजवून घ्या आणि तापलेल्या हंडीत थंड पाणी ओतू नका, ती तडकते.

मंद शिजवण्याच्या तीन पद्धती

*पहिली, चुलीचे निखारे.* उकळी झाल्यावर जळती लाकडे बाहेर ओढा. निखारे सारखे पसरा, वर थोडी राख टाका आणि गंज ठेवा. झाकणाच्या कडेला कणीक लावली तर वाफ निघून जात नाही. बॉयलर अर्ध्या तासात, गावरान दीड तासात तयार होते. रश्शात कडेने बारीक बुडबुडे दिसत राहिले पाहिजेत. बुडबुडे थांबले तर आणखी निखारे घाला. चूल बंद खोलीत असेल तर निखारे धुमसत ठेवून दार लावून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि तो माणसाचा जीव घेऊ शकतो.

*दुसरी, गोधडीची पेटी.* उज्ज्वला योजना 2016 साली सुरू झाली आणि बऱ्याच घरांत गॅस आला, पण सिलिंडर पुरवून वापरावा लागतो. त्यांच्यासाठी ही पद्धत सर्वांत चांगली. महायुद्धांच्या काळात इंधनाची टंचाई असताना युरोपातल्या घरांत गवत भरलेल्या पेटीत असेच जेवण शिजवत. पोळ्यांचा डबा जसा उष्णता बाहेर जाऊ देत नाही, तेच इथे घडते.

एक मोठे खोके, टोपले किंवा जुना पत्र्याचा डबा घ्या. तळाशी आणि चारही बाजूंनी चार बोटे जाड कोरडे कुटार किंवा जुन्या कपड्यांची बोचकी दाबून भरा. मधे गंज बसेल एवढी जागा ठेवा. गंज उकळत असतानाच गॅस बंद करा, झाकण घट्ट लावा, लगेच पेटीत ठेवा आणि वरून जाड गोधडी दाबून झाका. गंज जितका भरलेला तितकी उष्णता जास्त टिकते. अर्ध्या गंजाला ही पद्धत वापरू नका. बॉयलर दीड तास, गावरान तीन तास ठेवा. मधे उघडून पाहू नका.

इथे दोन नियम कधीच मोडू नका. गंज चुलीवरून काढला असेल तर त्याच्या बुडाला निखारा किंवा ठिणगी चिकटलेली नाही हे पाहूनच कुटारात ठेवा, नाहीतर आग लागेल. आणि पेटी उघडल्यावर गंजातून वाफा निघाल्या पाहिजेत, बाहेरून हात लावता येऊ नये. तसे असेल तर गंज पुन्हा गॅसवर ठेवून टमाटर, पालेभाजी घाला आणि दहा मिनिटे खळखळून उकळा, मगच वाढा. रस्सा कोमट झालेला असेल तर तो खाऊ नका. कोमट अन्नात वाढलेले काही जंतू असे विष सोडतात की ते पुन्हा उकळूनही जात नाही.

*तिसरी, कुकर.* फार उशीर झाला असेल तर कुकरला काहीच हरकत नाही. बॉयलरला एक शिटी आणि मग पाच मिनिटे मंद आच. गावरानला चार-पाच शिट्या आणि मग पंधरा मिनिटे मंद आच. रस्सा थोडा पातळ वाटेल, पण पोषण तेच असते.

पुण्या-मुंबईत किंवा परदेशात नोकरीला असलेली पोरे कधी विजेचा स्लो कुकर घेऊन येतात. त्याला वीज कमी लागते. साधारण 200 वॅटचे भांडे आठ तासांत दीड-पावणेदोन युनिट घेते. पण मधेच वीज गेली तर अन्न कोमट होते, आणि आपल्याकडे हा धोका मोठा आहे. त्यात बर्फाळलेली कोंबडी घालू नका. भांडे अर्ध्यापेक्षा जास्त भरा, पण काठोकाठ नको. राजमा घालायचा असेल तर रात्रभर भिजवा, ते पाणी फेका आणि वेगळ्या भांड्यात निदान दहा मिनिटे खळखळा उकळून मगच घाला. कच्च्या राजम्यात विषारी द्रव्य असते आणि स्लो कुकरच्या कमी उष्णतेत ते जात नाही.

कच्ची कोंबडी हाताळताना

कोंबडीच्या मांसात जुलाब-उलट्या करणारे जंतू असू शकतात. ते धुऊन जात नाहीत, शिजल्यावरच मरतात. मांसाचा आतला भाग 74 अंशांपर्यंत तापला पाहिजे. घरी तापमापक नसतो. म्हणून जाड तुकडा हाडापर्यंत उघडून पाहा. आत गुलाबी मांस किंवा लालसर पाणी दिसायला नको.

नळाखाली जोरात धार सोडून कोंबडी धुतली की शिंतोडे भांड्यांवर, पिण्याच्या हंड्यावर, चिरलेल्या सांबारावर उडतात. त्यापेक्षा न धुतलेली बरी. धुवायचीच असेल तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा, पाणी मोरीत ओता आणि मोरी, पातेले, विळी, हात साबणाने स्वच्छ करा. ज्या विळीवर कोंबडी कापली तिच्यावर न धुता कांदा, काकडी चिरू नका. बाजारातून कोंबडी शेवटी घ्या आणि सरळ घरी या.

उरले तर काय?

आमच्यापैकी एकाच्या घरी मे महिन्यात पाहुणे आले होते. रात्री उरलेली भाजी त्याच गंजात झाकून ओट्यावर ठेवली. सकाळी गरम करून सगळ्यांनी खाल्ली. वास चांगला होता, चवही बदलली नव्हती. दुपारपर्यंत चार जणांना उलट्या-जुलाब सुरू झाले आणि लहान पोराला सलाइन लावावी लागली. अन्न खराब झाले की वास येतोच असे नाही, हे त्या दिवशी कळले.

5 ते 60 अंशांच्या मधले तापमान जंतूंना वाढायला फार सोयीचे असते. म्हणून शिजलेले मांस दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. आपल्या वैशाखात, जेव्हा पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा एक तासच धरा. फ्रीज असेल तर उरलेली भाजी उथळ भांड्यात काढा, ते परातीतल्या थंड पाण्यात ठेवून गार करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. तीन दिवसांत संपवा. जेवढी खायची तेवढीच काढून खळखळा उकळा. फ्रीज नसेल तर तेवढीच करा जेवढी संपेल. जास्त झाली तर त्याच रात्री गरम-गरम शेजारी द्या.

याला आपल्यासाठी आणखी एक अर्थ आहे. शिळे, उष्टे आणि मेलेल्या जनावराचे मांस खाण्याची वेळ जातीने आपल्या पूर्वजांवर आणली होती. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस खाणे सोडून देण्याचे आवाहन केले. लोकांनी ते ऐकले, पोटाला चिमटा घेऊन ऐकले. ताजे आणि स्वच्छ अन्न खाणे हा आरोग्याचा नियम आहे, आणि आपल्या घरांत तो स्वाभिमानाचाही नियम आहे.

उलट्या-जुलाब झालेच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ विरघळवून घोट-घोट पाजत राहा. आशाताईंकडे ओआरएसची पुडी असते, ती सर्वांत चांगली. रक्त पडत असेल, लघवी थांबली असेल किंवा मूल सुस्त झाले असेल तर घरी वाट न पाहता लगेच सरकारी दवाखान्यात न्या.

या गंजातून अंगाला काय मिळते?

एक किलो कोंबडी आणि एक वाटी डाळ सहा ताटांत सारखी वाटली तर प्रत्येकाला साधारण 25 ते 28 ग्रॅम प्रथिने मिळतात. 55 किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे 46 ग्रॅम लागतात. म्हणजे निम्मी गरज एका जेवणात भागते. बरोबर एक ज्वारीची भाकर घेतली तर आणखी भर पडते.

लोहाबद्दल गैरसमज आहे. कोंबडीच्या मांसात लोह फार नसते, 100 ग्रॅममध्ये साधारण 1 मिलिग्रॅम. कलेजीत त्याच्या कितीतरी पट असते. पण मांसातले लोह शरीरात लवकर शोषले जाते, आणि मांस बरोबर असले की डाळ आणि पालेभाजीतले लोहही जास्त शोषले जाते. लिंबू तेच काम करते. म्हणून हे सगळे एका गंजात आणि एका ताटात असण्याला महत्त्व आहे. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर मात्र ही कमाई बरीचशी वाया जाते. चहा आणि जेवणात तासाभराचे अंतर ठेवा. कलेजी घरातल्या बाया आणि वयात येणाऱ्या मुलींना द्या. गरोदर बाईने मात्र कलेजी वारंवार खाऊ नये, तिच्यात अ जीवनसत्त्व फार जास्त असते.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांना रक्तक्षय आढळला. मोठ्या बाईचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली आणि गरोदर बाईचे 11 च्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. एवढ्या कमतरतेला आठवड्यातून एकदा खाल्लेली कोंबडी पुरत नाही. शाळेत मिळणारी आठवड्याची निळी गोळी आणि गरोदरपणातली लाल गोळी चुकवू नका.

आपल्या समाजाने एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी. विदर्भात आदिवासी आणि आपल्या बौद्ध कुटुंबांत सिकलसेल आजार बराच आढळतो. त्यात रक्त कमी होते ते लोह नसल्यामुळेच असे नाही. लाल पेशी लवकर फुटतात म्हणून ते कमी होते. अशा रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत. जेवणातली कोंबडी, डाळ, पालेभाजी त्याला चालते, चांगलीच आहे. त्याने दिवसभर भरपूर पाणी प्यावे. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. लग्न ठरवताना दोन्ही घरांनी ती आधी करून घ्यावी, त्यात लाज नाही.

पौर्णिमेला किंवा वर्षावासात ज्या घरांत मांसाहार करत नाहीत त्यांनी कोंबडीऐवजी रात्रभर भिजवलेले हरभरे किंवा वाटाणे दोन वाट्या घ्यावेत. ते आधी कुकरमध्ये चार-पाच शिट्या देऊन मऊ करावेत, बाकी कृती तीच. वरून तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी घ्यावी आणि लिंबू विसरू नये.

शेवटची पायरी

आता वेळेचे गणित पाहा. साडेसहाला घरी आले. पोराने डाळ आधीच भिजवून ठेवली, घरधन्याने कांदा-लसूण सोलला, कोंबडी धुतली. सव्वासातला गंज पेटीत गेला. पुढच्या दीड तासात भाकरी झाल्या, अंघोळ झाली, मुलीचा अभ्यास पाहून झाला, थोडे पाय लांब करून बसता आले. पावणेनऊला गंज उघडला, उकळला आणि नऊच्या आत सगळे ताटावर.

यात भाकरी करायच्या तरी एकटीलाच का, हेही घरातल्यांनी विचारावे. पोळपाट-लाटणे, तवा, परात यांच्यावर कोणाचे नाव कोरलेले नसते.

वाढताना आम्ही एक रीत सुचवतो. गंजातले तुकडे आधी मोजा आणि जेवढी माणसे तेवढे सारखे वाटे एकाच वेळी ताटांत घाला. जिने रांधले तिचे ताटही त्याच वेळी वाढा. वयात आलेल्या मुलीला मुलाएवढेच, घरात गरोदर किंवा अंगावर पाजणारी असेल तर तिला एक तुकडा जास्त. मग सगळे सोबत बसा. पाण्याच्या तळ्यावर सगळ्यांचा सारखा हक्क आहे हे आपल्या लोकांनी महाडला जाऊन सांगितले. आपल्याच घरातल्या गंजावर आपल्या मायचा आणि मुलीचा हक्क सारखा आहे की नाही, ते रोजच्या जेवणात दिसते.

येत्या रविवारी ही रीत करून पाहा. गोधडीची पेटी एकदा केली की वर्षभर वापरता येते, तिला खर्च जवळजवळ नाही. महिला मंडळाच्या बैठकीत एकीने करून दाखवली तर दहा घरांत पोहोचेल. तुमच्या आजीची मंद आचेची एखादी जुनी रीत असेल तर आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात या पानावर ती जरूर देऊ.